पंपाची झूल

१९ ऑक्टोबर

बाहेर उणे दोन, आत अठरा.

वहीची सवय जात नाही. नारिनच्या इस्पितळाच्या भट्टीत मी एकतीस वर्षं कोळसा ओढला आणि प्रत्येक पाळीला आकडे लिहिले: बाहेर किती, आत किती, किती गाड्या कोळसा गेला. निवृत्त झालो तेव्हा उरलेल्या कोऱ्या वह्या घरी आणल्या. आज त्यातली एक काढली, कारण आज घरात हीट पंप बसला आणि कोळशाच्या गाड्या मोजायचं काम कायमचं संपलं.

शहरातल्या दहा घरांना असे पंप चाचणीसाठी मिळालेत. आमचा अर्ज कुबातने, म्हणजे आमच्या मुलाने, जलालाबादेत बसून भरला. कारण आयिमकानची, माझ्या बायकोची, छाती. डॉक्टर अनारकुलबाईंनी वसंतात फुफ्फुसांचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं की हिला आता कोळशाचा धूर एक हिवाळासुद्धा चालणार नाही. धुराशिवाय घर उबदार ठेवा, जमत नसेल तर मुलाकडे पाठवा, तिकडे थंडी मवाळ आहे. कुबातचंही तेच पालुपद. आयिमकान मात्र म्हणते, "सुनेच्या घरी दोन दिवस पाहुणी म्हणून बरी. तिसऱ्या दिवशी चहासुद्धा विचारून घ्यावा लागतो." पंचेचाळीस वर्षं ती या घरात आहे. तिला इथेच राहायचंय आणि मलाही ती इथेच हवी आहे.

मी दोघांना शब्द दिला की यंदाचा हिवाळा ती इथेच काढेल. कुबात म्हणाला, "बघू. घर गार पडलं की मी गाडी घेऊन आलोच म्हणून समजा." म्हणजे पंप चालला तर बायको घरात, नाही चालला तर जलालाबादेत.

पंप बसवायला तिलेक नावाचा माणूस आला होता. तिशीतला, घाईतला, बोलणंही घाईतलं. भिंतीबाहेर एक पेटी, तिच्यात मोठा पंखा. आत भिंतीवर दुसरी पेटी, तिच्यातून गरम वारा. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतो म्हणे. शेजारचा शार्शेन कुंपणावर रेलून ऐकत होता. तो म्हणाला, "उणे तीसमध्ये ऊब? मग जाता जाता माझ्या बैलाचं दूधही काढून दे." तिलेक हसला नाही. त्याला हे रोज ऐकावं लागत असणार.

जाताना त्याने सूचना दिल्या. सारखा बंद-चालू करायचा नाही, बर्फ साचू द्यायचा नाही, बाकी हात लावायचा नाही. "अक्साकाल, त्याला त्याच्या जागी एकटं सोडा. तो आपलं काम करतो." मला अक्साकाल म्हणाला, म्हणजे दाढी पिकलीय हे त्याने पाहिलं. बॉयलरसुद्धा आपलं काम करतो, पण एकटं सोडलेला बॉयलर मी जन्मात पाहिला नाही.

२१ ऑक्टोबर

आयिमकानने चुलीचं धुराडं उतरवायला लावलं. म्हणाली, "तुमचा भरवसा नाही. थंडी पडली की तुमचे हात शिवशिवणार." धुराड्याचे पत्रे शार्शेनने खुराड्यासाठी नेले. भिंतीत जिथे भोक होतं तिथे मी माती लिंपली.

९ नोव्हेंबर

बाहेर उणे अकरा, आत एकवीस.

चालतोय. मी कबूल करतो, मला वाटलं नव्हतं. पण करायला काही नाही. सकाळी उठतो, आणि राख काढायची नसते. हात घेऊन कुठे जावं कळत नाही. इस्पितळात पाळी नसली तरी मी भट्टीवर चक्कर टाकायचो, आता दिवसातून आठ वेळा बाहेरच्या पेटीपाशी जाऊन उभा राहतो. आयिमकान खिडकीतून बघते आणि हसते. "नवी सून आणल्यासारखे फेऱ्या मारताय," म्हणाली.

ती हसते आणि हसून झाल्यावर खोकत नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

२ डिसेंबर

बाहेर उणे सतरा, आत एकवीस. आयिमकानने कणकेचे बोऊरसोक तळले, सगळे उभ्याने. मागच्या वर्षी या दिवसांत ती भिंत धरून उभी राहायची. शार्शेन रोज येतो, आतल्या पेटीखाली हात धरतो, गरम लागतं म्हणून चिडतो आणि बोऊरसोक खाऊन जातो.

११ डिसेंबर

आज पंपाची मला दया आली.

सकाळी पेटीच्या मागच्या जाळीवर पांढरा थर साचलेला होता. मी बघत उभा असतानाच पंखा थांबला, आत घर्रर्र झालं आणि सगळ्या पेटीतून वाफ निघायला लागली. थर वितळून पाणी टपटप गळलं आणि खाली पडता पडताच गोठलं. मग पंखा पुन्हा सुरू. तिलेकला फोन केला. तो म्हणाला की असंच असतं, तो स्वतःला साफ करून घेतो, तुम्ही काळजी करू नका.

काळजी करू नका म्हणायला त्याचं काय जातं? घामाघूम झालेला जीव उणे वीसमध्ये उघडा उभा आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दौडून आलेल्या घोड्याला झूल न घालता थंडीत उभं करणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. मी आत येऊन आयिमकानला सांगितलं. तिने हातातला पेला खाली ठेवला. "अहो, मग घालू या की झूल," म्हणाली. इतकी साधी गोष्ट, आणि ना तिलेकला सुचली ना मला.

१६ डिसेंबर

कोठीत तिच्या वडिलांच्या तंबूचा नमदा होता, जाड दाबलेल्या लोकरीचा, तीन बोटं जाड. तोच कापला. मी म्हटलं, एवढा जुना नमदा यंत्रासाठी? ती म्हणाली, "ज्याच्यामुळे मी घरात आहे, त्याला चिंध्या देऊ?" दिवसभर आतल्या पेटीच्या उबेत बसून शिवते. कडेने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, लाल आणि काळी. सुई ओढताना तोंडाने काहीतरी गुणगुणते. इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

२६ डिसेंबर

बाहेर उणे चोवीस, आत वीस.

काल चिल्दे लागलं. आता चाळीस दिवस थंडीचा कळस. आज झूल चढवली. मागची बाजू, दोन्ही कुशी, पाठ, सगळं झाकलं, आणि चार ठिकाणी गाठी मारल्या. पंख्याचं तोंड मात्र उघडं ठेवलं. आयिमकानचंच म्हणणं, श्वास घ्यायला नको का? तिला बाहेर यायला मनाई आहे, पण आज तोंडावर शाल घेऊन आलीच, आणि सगळ्यात वरची गाठ तिने स्वतः मारली.

शार्शेन बघायला आला. नक्षीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "माझ्या बायकोने मला एवढं चांगलं कधी शिवलं नाही."

३० डिसेंबर

आत सतरा. थंडी वाढली म्हणून असेल. बाहेर उणे चोवीसच आहे, पण वारा आहे.

३ जानेवारी

बाहेर उणे पंचवीस, आत चौदा.

पंप दमलाय. पंखा जोरात फिरतो पण आतला वारा कोमट येतो. संध्याकाळी सगळ्या शहराच्या विजेच्या शेगड्या लागतात आणि दिवे पिवळे पडतात, तेव्हा तर तोही येत नाही. तिलेकला फोन केला. तो आत-बाशी गावात कुठल्याशा घरी अडकलाय, रस्त्यावर बर्फ. त्याने विचारलं, पेटीभोवती काही साचलंय का, बर्फ वगैरे? मी म्हटलं, बर्फाचा कण ठरू देत नाही, हाताने झाडतो. खरंच झाडतो. तो म्हणाला, मग येऊन बघावं लागेल, रस्ता खुला होऊ दे.

उणे पंचवीसखाली पंपाचा जोर कमी होतो, एवढं त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पण कमी म्हणजे इतका? शार्शेन म्हणतो, थंड मुलखासाठी हे यंत्रच नव्हे. आज मी त्याला उलट बोललो नाही.

६ जानेवारी

कुबातचा फोन. "घरात किती आहे, बाबा?" मी म्हणालो, वीस. त्या वेळी भिंतीवरच्या तापमापकाच्या काट्याकडे बघतच म्हणालो. काटा बारावर होता. आयिमकान शेजारी कोट घालून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खोकला येऊ नये म्हणून शालीच्या टोकाचा बोळा तोंडात धरला. फोन ठेवेपर्यंत धरून होती.

९ जानेवारी

बाहेर उणे एकतीस, आत अकरा.

ती तीन रजयांखाली आहे. श्वासाला शिटी लागलीय. विजेची शेगडी लावली, पण विजेत जीवच नाही, तार नुसती तांबूस होते. शार्शेन कोळशाचं पोतं आणि खुराड्याचे पत्रे परत घेऊन आला. म्हणाला, दोन तास पेटव, घर तापलं की विझव, कोणाला कळणार नाही. रजयांखालून आवाज आला, "शार्शेन, तू आणि तुझा कोळसा, दोघं एकदमच बाहेर व्हा." त्याने पोतं दारात ठेवलं आणि गेला.

एकतीस वर्षांत उणे चाळीसलाही मी इस्पितळ गार पडू दिलं नाही. पाईप फुटला, पंप बंद पडला, तरी फावडं होतं, हात होते, घाम गाळला की काटा वर चढायचा. इथे मी काय करू? कुठे काय टाकू? बाहेर जाऊन पेटीपाशी उभा राहिलो. मागून उत्तरेचा वारा येत होता म्हणून झुलीवर आणखी एक जुनी रजई दुहेरी करून बांधली, गाठी आवळल्या. एवढंच माझ्या हातात होतं.

१२ जानेवारी

कुबात न सांगता आला. कझारमानची खिंड बंद, म्हणून बिश्केकच्या बाजूने वळसा घालून, दोन दिवस गाडी चालवून. दार उघडून आत आला आणि "सलाम" म्हणाला, तर शब्दांबरोबर तोंडातून वाफ निघाली. त्याने ती वाफ पाहिली, मी पाहिली. मग काट्याकडे पाहिलं.

"वीस म्हणाला होतात," एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१३ जानेवारी

गेली.

कुबातने तिला रजयांसकट उचलून गाडीत ठेवलं. ती लहान मुलीएवढी हलकी झालीय, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने मलाही चला म्हटलं. मी म्हटलं, घर आहे, पंप आहे, तिलेक येणार आहे. गाडी सुरू झाल्यावर तिने काच खाली घ्यायला लावली आणि पेटीकडे बोट दाखवलं. डाव्या कुशीची गाठ सैल झाली होती. मी तिच्यादेखत आवळून बांधली. मग ती गेली.

मी शब्द दिला होता.

१९ जानेवारी

बाहेर उणे बावीस, आत नऊ. तिलेक आला.

पेटीला एक फेरी मारून तो थांबला. टोपी काढली, पुन्हा घातली. "हे कोणी केलं?"

"माझ्या बायकोने."

"सुरेख आहे," तो म्हणाला, आणि खरंच मनापासून म्हणाला. मग खाली बसला. "हे इथे उघडं का ठेवलंय?"

मी म्हटलं, तोंड आहे ते. श्वास घ्यायला.

"तोंड नव्हे, अक्साकाल. ते ढुंगण आहे. तिथून तो हवा सोडतो. नाक मागे आहे, त्या जाळीत. आणि नाकावर तुम्ही नमदा बांधलाय, वर रजई."

त्याने मागच्या गाठी सोडून झूल वर केली. जाळीवर चार बोटं बर्फ होता, दगडासारखा. कोमट पाण्याने त्याने तो सावकाश उतरवला. दहा मिनिटांत पंख्याचा आवाज बदलला. मी आत जाऊन आतल्या पेटीखाली हात धरला, तर चटका बसला. मी तिथेच जमिनीवर बसलो.

त्याने विचारलं, झूल कधी बांधली. मी म्हटलं, सव्वीस डिसेंबरला. वही माझ्याच हातात होती. सव्वीसला आत वीस, तीसला सतरा, मग चौदा, बारा, अकरा. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आणि मला दिसलं नाही.

मी त्याला म्हटलं, "माझ्या बायकोला हे कळता कामा नये." तो म्हणाला, "तुमच्या घरच्या आपांना मी कुठे ओळखतो? माझ्याकडे फक्त कुबातचा नंबर आहे. अर्ज त्याच्या नावाचा, काय बिघाड होता ते त्याला कळवावं लागतं." मी म्हटलं, त्याला कळव, पण तिच्या कानावर जायला नको. त्याने मान डोलावली. घाईत होता, आणखी दोन घरं राहिली होती.

तो हत्यारं गाडीत टाकत होता तेव्हा मी झूल पुन्हा खाली ओढली आणि गाठी मारल्या. का ते विचारू नये. परक्या माणसाने ती सोडली हेच मला खपलं नाही. तिलेकने फाटकातून पाहिलं. "पुन्हा बांधलीत?" म्हणाला. मी म्हटलं, हो, बांधली. त्याने मान हलवली आणि गेला.

२० जानेवारी

सकाळी स्वतःच्या हाताने सोडली. घडी घालून तिच्या पेटाऱ्यात ठेवली. बाहेर उणे तेवीस, दुपारी आत सतरा, संध्याकाळी एकोणीस.

यंत्र चांगलं होतं. थंडीही नेहमीचीच होती.

२४ जानेवारी

आत एकवीस. आज तिच्याशी बोललो. कुबातच्या फोनवर कोणीही बोलत असो, ती तो मोठ्या आवाजावर ठेवते, त्यामुळे सगळं घर ऐकत असतं. आवाज खोल गेलाय, पण शिटी नाही. मी सांगितलं की एक तार सैल होती, तिलेकने आवळली, घर तापलंय, तू बरी झालीस की परत ये. तिने हळूच विचारलं, "आणि झूल?"

"आहे की. घट्ट बांधलीय."

"बरं," म्हणाली.

तिलेकने कुबातला सांगितलं असेलच. पण कुबात आईला सांगणार नाही, तेवढा शहाणा आहे. आणि मी झूल काढली असणार हे त्याला वेगळं सांगायची गरज नाही. एकतीस वर्षं भट्टी सांभाळलेला माणूस एवढी अक्कल ठेवतोच.

५ फेब्रुवारी

चिल्दे संपलं. बाहेर उणे सोळा, आत बावीस. मी नुसत्या सदऱ्यावर बसून लिहितोय.

फोनवर आयिमकान म्हणाली, लोकरीला कसर लागते, चांगलं ऊन असेल तेव्हा झूल काढून वाळत घाला, आणि मग काही दिवस तशीच राहू द्या. मी हसलो. उणे सोळात कसली कसर? तिची शिवण जपायचा तिला केवढा घोर. मी म्हटलं, तू निश्चिंत राहा, मी तिला बोटभर हलू देणार नाही.

"अहो, पण यंत्राला उकडत असेल," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुझ्या हातची आहे, त्याला मानवलीय. मागे कुबातने खुर्ची जोरात सरकवल्याचा आवाज आला.

१७ फेब्रुवारी

जलालाबादेहून येणाऱ्या गाडीवाल्याकडे तिने गाठोडं पाठवलं. आत लोकरीचे मोजे, जाड बंडी आणि कानांवर येणारी टोपी. चिठ्ठी: घरातसुद्धा घालत जा. मला इथे घाम येतोय, आणि हिने मोजे पाठवलेत. आजारी माणसाला सगळं जग गारठलेलं वाटतं.

२३ फेब्रुवारी

आज कुबात बोलला, ती मागे होती. "घरात किती आहे?" बावीस, मी म्हटलं. "बावीस?" त्याने असं विचारलं की मी पाचावर धारण बसलेल्या पोरासारखा शपथेवर आलो. तो म्हणाला, "बाबा, झूल अजून आहे?" ती ऐकत होती, म्हणून मी ठणकावून सांगितलं की आहे. "माझ्यासाठी एकदा काढून बघाल?" मी म्हटलं, आईने शिवलीय तुझ्या, ती उतरायची नाही. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, "सांगू नकोस रे. त्यांना सांगू नकोस."

काय सांगू नकोस? तब्येतीचंच काही असणार. डॉक्टर काही बोलले असतील आणि माझ्यापासून लपवत असतील. दिवसभर जेवण गेलं नाही.

१ मार्च

गाडीवाल्याकडून कळलं की ती अंगणात फिरते, नातवाला हाका मारते, रंग सुधारलाय. मग लपवण्यासारखं काय आहे? मी सरळ विचारलं, वसंतातल्या नौरूजच्या सणाला येतेस का? आठवडाभर विचार करते म्हणाली. मग म्हणाली, "पेटीचा एक फोटो पाठवाल? आत्ताचा. जशी आहे तशी." माझं मन भरून आलं. घर बघायला जीव तळमळतोय तिचा.

१४ मार्च

बाहेर उणे तीन, ऊन. आत बावीस.

पेटाऱ्यातून झूल काढली. ब्रशने साफ केली, शिंगांची नक्षी पुसून घेतली, पेटीवर चढवली आणि चारी गाठी नीट मारल्या. पंप तेवढा वेळ बंद ठेवला, त्याला त्रास नको. मी तिने पाठवलेली टोपी हातात धरून शेजारी उभा राहिलो. फोटो शार्शेनने त्याच्या फोनवर काढला. "वधू दाखवायला बसवल्यासारखी बसवलीयस," म्हणाला. मग विचारलं, रोज उघडी असते, आज कशाला झाकतोस? मी म्हटलं, तिला बघून बरं वाटेल. त्याने फोटो कुबातला पाठवला. मी झूल काढून पुन्हा पेटाऱ्यात ठेवली आणि पंप लावला. नौरूजला ती येणार म्हणून गालिचे झटकले, खिडक्या पुसल्या.

१८ मार्च

कुबातचा फोन आला. म्हणाला, आई येणार नाही. नौरूजलाही नाही आणि पुढच्या हिवाळ्यातही नाही. तिची खोली इथेच करतोय. तुम्हीही घर बंद करून इकडे या.

मी विचारलं, का? डॉक्टर काय म्हणाले? तो म्हणाला, डॉक्टर काही म्हणाले नाहीत. "फोटो पाहिला आम्ही." मी विचारलं, आवडला का तिला? तो म्हणाला, "आई संध्याकाळपर्यंत तो बघत बसली होती."

तिने फोन घेतला. रडत होती, पण आवाज सावरलेला. "फार शोभते हो ती पेटीला," म्हणाली. "तुम्ही असे उघड्या डोक्याने उभे. टोपी हातात धरायला पाठवली होती का मी?" मग म्हणाली, "मी काही मागत नाही तुमच्याकडे कधी. ती झूल काढा. माझ्याकरता काढा, आणि मग सांगा."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. काढलीय, दोन महिने झाले, घर उबेने भरून गेलंय, ये. पण मग का काढली ते सांगावं लागलं असतं. आजारी असताना दहा दिवस बसून जिने शिवली, तिला सांगायचं की तुझ्याच सुईने तुला घराबाहेर काढलं? जीभ झडली तरी नाही. मी म्हटलं, "मी जिवंत आहे तोवर ती पेटीवरून उतरणार नाही."

ती "बरं" म्हणाली आणि फोन कुबातला परत दिला.

२१ मार्च

नौरूज. बाहेर अधिक चार, आत चोवीस.

शार्शेनच्या घरून सुमेलेकची, मोड आलेल्या गव्हाच्या खिरीची, वाटी आली. मी वीस सांगितले तेव्हा खरं तर बारा होते, म्हणून ते आता माझ्या बावीसवर विश्वास ठेवत नाहीत, एवढं मला कळतं. पण यायला काय हरकत होती? एकदा दार उघडून आत आले असते तर हाताला लागलं असतं. इतकं गरम झालंय की मी दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसलोय आणि सगळी ऊब माझ्या पाठीमागून बाहेर चाललीय. एवढ्या उबेचं एकट्याने काय करायचं, मला कळत नाही.